शिंगराच्या जबड्याखाली गाठ दिसली तर

जबड्याखाली गाठ आणि नाकातून घट्ट पिवळा पू दिसला, की त्याच क्षणी तबेल्यातली घोड्यांची ये-जा बंद करा. बहुधा हा स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय या जिवाणूचा रोग असतो.

गाठीच्या आधी ताप येतो, आणि ताप चढल्यावर जंतू बाहेर पडायला एक-दोन दिवस जातात. हाच वेळ आपल्या हातात असतो. म्हणून प्रत्येक जनावराचा ताप रोज दोनदा मोजून वहीत लिहा. निरोगी घोड्याचा 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी मोजू नका, उन्हानंच पारा चढतो. पहाटे आणि दिवस मावळल्यावर मोजा. ताप वाढलेलं जनावर गाठ नसली तरी वेगळं बांधा.

सगळ्यात मोठा धोका सामायिक हौदाचा. बादली, तोबरा, खरारा वेगवेगळे ठेवा. सालगडी एकच असेल तर आधी निरोगी जनावरं, शेवटी आजारी. हौद घासून धुतल्यावरच ब्लीचिंग वापरा. शेण-चिखलावर ते वाया जातं.

गाठीला गरम शेक द्या, कच्ची फोडू नका. श्वासात घरघर आली तर रात्रीही डॉक्टर बोलवा.

बरी दिसणारी घोडीही घशाच्या पोकळीत महिनोन्महिने जंतू बाळगते. आठवड्याच्या अंतरानं घशातून घेतलेले तीन नमुने निर्दोष येईपर्यंत तिला वरातीला पाठवू नका.

नाकात व्रण, कातडीवर फुटणाऱ्या गाठी असतील तर ग्लँडर्स या दुसऱ्या जिवाणूच्या रोगाची शंका धरा. तो माणसालाही होतो, जीवघेणा आहे. हातमोज्यांशिवाय शिवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.