सरपण फोडण्याचे यंत्र : निवड आणि गाठाळ ओंडक्यांची हाताळणी

सरपण फोडण्याचे यंत्र विकणारे पहिल्यांदा टनांचा आकडा सांगतात आणि घेणारेही त्यावरच निर्णय घेतात. हा आकडा स्वतः पडताळून पाहावा. दट्ट्याचा, म्हणजे सिलिंडरमधल्या तेलाच्या दाबाने पुढे सरकून ओंडका पाचरीवर रेटणाऱ्या भागाचा, व्यास १० सेंमी आणि तेलाचा दाब २०० बार असेल, तर जोर साधारण १६ टन भरतो; व्यास ८ सेंमी असेल, तर तेवढ्याच दाबाला तो १० टनांच्या आसपास राहतो. व्यास आणि दाब सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.

ओंडका कापून, फोडून ढलप्या पट्ट्यावरून बाहेर टाकणारे एकत्रित यंत्र सरळ, एकसारख्या जाडीच्या लाकडासाठी उत्तम असते. वाकडे आणि बेचक्यांचे लाकूड जास्त असेल, तर ते सतत अडकते. अशा वेळी करवत वेगळी आणि फोडणी वेगळी ठेवावी, हे माझे ठाम मत आहे. पंप दोन टप्प्यांचा असावा, म्हणजे दट्ट्या रिकामा पुढे येताना भरभर सरकतो आणि लाकडाला भिडल्यावर वेग कमी होऊन जोर वाढतो. दोन्ही हात गुंतल्याशिवाय दट्ट्या हलणार नाही अशी रचना असलेलेच यंत्र घ्यावे, आणि ती रचना बांधून किंवा अडकवून कधीही निकामी करू नये.

यंत्र सपाट जागी ठेवावे, तेलाची पातळी पाहावी, ओंडक्याची दोन्ही टोके काटकोनात कापलेली असावीत. तिरके टोक दबावाखाली निसटते आणि ओंडका बाजूला उडतो. बहुतेक जातींचे लाकूड ओले असतानाच फोडलेले सोपे जाते.

खरी परीक्षा गाठाळ ओंडक्याची. सुरुवातीला मी असा ओंडका चार पात्यांच्या पाचरीवर चढवून लिव्हर दाबून धरत असे. लाकूड फुटत नसे. दट्ट्या जागीच थांबे, पंपाचा आवाज जड होई आणि तेल तापत राही. एकदा त्यात सिलिंडरचे सील गेले. जोर लावत राहिल्याने गाठ सुटत नाही, कारण फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे लाकडाच्या रेषा एकमेकींत विणलेल्या असतात आणि पाचरीला शिरायला मोकळी वाट राहत नाही.

म्हणून गाठाळ लाकडाला दोनच पात्यांची पाचर वापरावी आणि ओंडक्याचे स्वच्छ, बिनगाठीचे टोक पाचरीकडे ठेवावे, म्हणजे चीर मोकळ्या लाकडात सुरू होऊन गाठीपर्यंत पोचते. बेचका असेल, तर पाचर दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून जाईल असा तो फिरवून ठेवावा. दोन फांद्या एकमेकींपासून तोडायचा प्रयत्न करू नये. मोठा ओंडका मधोमध फोडण्याचा अट्टहास सोडून कडेने ढलप्या काढत आत यावे. ओंडका कधीही आडवा, म्हणजे रेषांच्या विरुद्ध, ठेवू नये.

तरीही दट्ट्या थांबला, तर दोन-तीन सेकंदांत लिव्हर सोडावी, दट्ट्या मागे घ्यावा आणि ओंडका उलट बाजूने लावून पाहावा. अडकलेला ओंडका काढताना इंजिन किंवा मोटर बंद करून दाब उतरू द्यावा. चालू यंत्रात हातोड्याने ठोकणाऱ्यांची बोटे पाचर आणि लाकूड यांच्यामध्ये सापडतात. फुटलेल्या दोन भागांना धरून ठेवणारे चिवट धागे यंत्र बंद असताना कुऱ्हाडीने तोडावेत. दोन प्रयत्नांत न फुटलेला ओंडका बाजूला ठेवून करवतीने चिरावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पाइपमधून तेल झिरपत असल्याची शंका आली, तर हाताने चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि वरून खूण अगदी किरकोळ दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी.

फोडलेले सरपण जमिनीपासून उचलून, बाजूंनी वारा लागेल असे रचावे. ओलावा मोजताना एखादी ढलपी मधून नव्याने फोडून आतल्या पृष्ठभागावर मीटर टोचावा. बाहेरचे टोक आधी वाळते आणि फसवे माप देते. आतला आकडा २० टक्क्यांखाली आल्यावरच ते जाळायला घ्यावे.