टॉवेलच्या शेडमधल्या गॅस हीटरला हवा किती आणि कुठून?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये गॅसचा इन्फ्रारेड हीटर बसवायचा म्हटलं की सगळं लक्ष पाइप आणि रेग्युलेटरकडे जातं. हवेचं कुणी विचारत नाही. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण 13 घनमीटर हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग, ना वास.

समजा हीटर 30 किलोवॅटचा आहे. बाहेरच्या भिंतीत दोन झरोके ठेवा: एक छतापासून, दुसरा जमिनीपासून 30 सेंटिमीटरच्या आत. दर किलोवॅटला प्रत्येक झरोक्यात 5.5 चौरस सेंटिमीटर मोकळी जागा धरा, म्हणजे 165. पत्र्याचं लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचं झाकण) त्यातली पाव जागा अडवतं, म्हणून 15 बाय 15 सेंटिमीटर पाडा. हवा आडव्या डक्टमधून आणणार असाल तर मोकळी जागा दुप्पट. जाळीची भोकं 6 मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत, टॉवेलचं तूस ती लिंपून टाकतं.

हीटरला चिमणी नसेल तर एवढ्यावर भागत नाही. जळालेला वायू शेडमध्येच राहतो, म्हणून किलोवॅटमागे तासाला किमान 10 घनमीटर, इथे 300 घनमीटर, हवा वरून बाहेर गेली पाहिजे आणि तेवढीच ताजी आत आली पाहिजे. हे काम पंख्यावर सोपवलं असेल तर पंखा थांबताच गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह बंद होईल असं इंटरलॉक हवंच. फेज गेला, पंखा थांबला आणि हीटर जळत राहिला, असं कधीही होता कामा नये.

चिमणी असेल तर उलटी अडचण येते. प्रोसेसिंगचे मोठे एक्झॉस्ट पंखे शेडमधली हवा इतकी ओढतात की धूर चिमणीतून परत आत येतो. हीटर थंड असताना दारं लावा, सगळे पंखे चालू करा आणि चिमणीच्या हवा खेचणाऱ्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी शेडच्या बाजूला उडाली तर झरोके वाढवा, त्याआधी हीटर पेटवू नका.

हायपोच्या, म्हणजे ब्लीचिंगच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, टाकीजवळची हवा हीटरला कधीच देऊ नका. क्लोरीनची वाफ ज्योतीतून गेली की हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं आणि बर्नर, ट्यूब गंजतात.

दर आठवड्याला गॅस बंद करून, बर्नर थंड झाल्यावर, हवा आत घेणारं तोंड मऊ ब्रशने साफ करा. हीटरच्या तापून लाल होणाऱ्या सिरॅमिक प्लेटच्या भोकांत तार घालू नका, ती फुटते. प्लेट सगळीकडे सारखी केशरी-लाल दिसली पाहिजे. पिवळ्या जिभा म्हणजे हवा कमी, काळे डाग म्हणजे भोकं तुंबलेली.

थंडीत रात्रपाळीचे कामगार वारा लागतो म्हणून खालच्या झरोक्यात गोणपाट कोंबतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगतच साचते, आणि तिची बाहेर जायची वाट हाच झरोका. झरोक्यासमोर पत्र्याचा आडोसा लावा, वारा अंगावर येणार नाही आणि वाट मोकळी राहील.