सोसायटीतल्या घरात पोर्टेबल बँडसॉने लोखंड कापताना

नेरूळच्या आमच्या घरी कुंड्यांच्या मांडणीसाठी 25 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मी प्रथम ग्राइंडरने कापायला घेतला, आणि तिसऱ्या तुकड्यालाच तो बंद केला. ठिणग्या बाल्कनीच्या काचेवर उडून तिथे लोखंडाचे बारीक कण वितळून चिकटले होते, ते आजही निघालेले नाहीत. शेजारच्या दोरीवरची चादर केवळ वाऱ्याच्या दिशेमुळे वाचली. पोर्टेबल बँडसॉ घेतला तो त्यानंतर. साध्या लोखंडावर त्याच्या ठिणग्या जवळजवळ उडतच नाहीत, धुरळ्याऐवजी कीस खाली पडतो आणि कापलेले टोक कोमट होते, लाल होत नाही.

या यंत्रात दोन चाकांवर ताणून बसवलेले अखंड पट्टीसारखे पाते फिरते. मोठ्या यंत्रात साधारण 5 इंचांपर्यंतचा माल मावतो, लहानात सुमारे अडीच इंच. घरकामाला लहान पुरतो, एका हाताने उचलताही येतो. परदेशातून कोणी यंत्र आणून देणार असेल, तर ते 230 व्होल्टवर चालते का, हे आधी पाहावे.

यंत्रापेक्षा पात्याची निवड अधिक महत्त्वाची आहे. पात्यावर एका इंचात किती दाते आहेत ते लिहिलेले असते: 14, 18 किंवा 24. कापत असताना निदान तीन दाते धातूला टेकलेले असावेत, हा जुना नियम आहे. एकच दाता पातळ पत्र्याच्या कडेवर अडकला, तर तो तुटतो आणि त्याच्या मागचे दातेही एकामागून एक जातात. 24 दात्यांच्या पात्यावर दोन दात्यांमधले अंतर 1 मिलिमीटरहून किंचित जास्त असते, म्हणजे 2 मिलिमीटरच्या पाइपाला तेही थोडे विरळच पडते, पण लहान यंत्रात याहून बारीक पाते सहसा मिळत नाही. भरीव सळई किंवा जाड पट्टी असेल, तर 14 चे पाते घ्यावे, कारण बारीक दात्यांत कीस साठून पाते नुसते घासत राहते. स्प्रिंग किंवा बेअरिंगसारखे कडक केलेले पोलाद या पात्याखाली घालूच नये.

दात्यांची उणीव माल कसा ठेवला आहे यावरून पुष्कळशी भरून निघते. चौकोनी पाइप कोपऱ्यावर उभा, म्हणजे 45 अंशांत धरला, तर पात्यासमोर येणारी भिंत 2 ऐवजी जवळजवळ 2.8 मिलिमीटर लांबीची होते. मात्र सुरुवात टोकदार कोपऱ्यावर होत असल्याने पहिले दोन-तीन मिलिमीटर अगदी हलक्या हाताने कापावे. अँगल, म्हणजे L आकाराची लोखंडी पट्टी, नेहमी पालथा, घराच्या छपरासारखा ठेवावा. एक बाजू उभी ठेवून कापायला घेतल्यास पाते त्या पातळ कडेवर उड्या मारू लागते. गुण्या लावून रेघ एका बाजूवर न मारता निदान दोन बाजूंवर मारावी आणि कापाच्या रुंदीसाठी सुमारे 1 मिलिमीटर धरून चालावे. माल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट आवळावा व कापाची जागा व्हाइसच्या जबड्यापासून शक्य तितकी जवळ ठेवावी. पाय देऊन पाइप दाबून धरण्याची आपल्याकडची सवय इथे चालत नाही.

आता यंत्राच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी आडीकडे, म्हणजे माल टेकवायच्या पट्टीकडे, पाहावे. फिरते पाते मालाला याच आडीकडे खेचते, म्हणून चाप ओढण्यापूर्वी आडी मालाला पूर्ण टेकलेली असलीच पाहिजे. मी दुसऱ्याच दिवशी दोन बोटांची फट ठेवून यंत्र सुरू केले. ते हिसका देऊन पुढे धावले, आडी पाइपावर आदळली आणि नवे पाते चाकावरून उतरून वाकले. क्रम असा ठेवावा: आडी टेकवावी, पाते मालापासून किंचित वर ठेवून यंत्र सुरू करावे, वेग आला की सावकाश खाली आणावे.

त्यानंतर दाब द्यायचा नाही. यंत्राचे स्वतःचे वजन साध्या लोखंडाला पुरेसे असते. स्टेनलेसला वेग कमी ठेवावा, पण पाते नुसते घासत राहू देऊ नये. ॲल्युमिनियम जलद कापता येते, मात्र दात्यांत चिकटू नये म्हणून पात्याला थोडे कटिंगचे मेण लावावे. काप संपत आला की यंत्र थोडे वर तोलून धरावे, नाहीतर शेवटची कड सुटताच ते मांडीवर येते. लांब तुकड्याच्या मोकळ्या टोकाखाली स्टूल किंवा विटांचा आधार द्यावा. टोक लोंबून तुकडा वळला, तर पाते कापात आवळले जाऊ शकते. तसे झाले तर यंत्र बंद करून, प्लग काढून, कापात पेचकस घालून फट रुंद करावी आणि मगच पाते बाहेर काढावे. नवे पाते जुन्या अर्धवट कापात घालू नये, ते तिथेच अडकते. माल फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी.

नवे पाते कधीकधी उलटे गुंडाळलेले येते. दात्यांचा कल आडीच्या दिशेने नसेल, तर हातमोजे घालून पाते आतून बाहेर उलथवावे. दिशा आपोआप सुलटते. यंत्र चालू असताना मात्र सैल कापडी हातमोजे, ओढणी, लोंबती बाही नको. डोळ्यांवर गॉगल हवा, कारण कीस बारीक आणि टोकदार असतो.

ग्राइंडरच्या मानाने आवाज कमी असला, तरी पाइपाची पोकळी तो वाढवते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि रात्रीची वेळ 10 पासून धरली जाते. दुपारी दोन ते चार या वेळेबद्दल नियम काही म्हणो, शेजारी म्हणतातच.

कापलेल्या टोकांवरची बूर, म्हणजे उरलेली धारदार कोर, कानशीने त्याच दिवशी काढावी, आतली कडही सोडू नये. खाडीच्या हवेत, विशेषतः जूनपासून, उघडे लोखंड रात्रभरात तांबूस होते, म्हणून टोकांना लगेच रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर लावावा; गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल, तर जस्ताचा प्रायमर. खाली पडलेला कीस झाडूने गोळा करू नये, तो फरशीच्या सांध्यांत जातो. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फरशीवरून फिरवावे आणि कचऱ्याच्या डब्यावर पिशवी उलटी करून चुंबक सोडवून घ्यावे. मी पहिल्यांदा हे टाळले होते. सकाळच्या सरीनंतर पांढऱ्या टाइल्सवर उमटलेले तपकिरी ठिपके घासून निघायला दोन रविवार गेले.