डिसेंबरात आई-बाबांना घेऊन व्हेगस आणि ग्रँड कॅन्यन: या चुका टाळा

आई पुण्याहून पहिल्यांदा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आली, तेव्हा डिसेंबरात आम्ही तिला गाडीनं लास व्हेगस आणि ग्रँड कॅन्यन दाखवायला नेलं. व्हेगसला दोन रात्री मुक्काम होता. दोन्ही रात्री जेवणं झाली की मी, नवरा आणि सोबतचं एक जोडपं खाली कॅसिनोत. आई वर खोलीत आमच्या तीन वर्षांच्या मुलाला थोपटत. ती परत गेल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "व्हेगस कसं होतं हो?" आई म्हणाली, "खोली छान होती." मावशीनं हे मला फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे हाच रस्ता आम्ही आणखी पाच हिवाळ्यांत केला. कधी सासू-सासरे सोबत, कधी आई. दर वेळी काहीतरी चुकलं, पण त्यात हरलेल्या पैशांचा वाटा अगदी थोडा होता. चुकायचा तो क्रम: आधी काय, नंतर काय, आणि कोणी कोणासाठी थांबायचं.

मुलांजवळ कोण, हे न ठरवता निघणं

सहलीतल्या इतर सगळ्या ठिकाणी घर एकत्र जातं. कॅसिनोत जाऊ शकत नाही. नेवाडात जुगाराचं वय २१ आहे. त्याखालच्या मुलांना मोठ्यांसोबत खेळाच्या जागेतून चालत जाता येतं, पण तिथं थांबता येत नाही. बऱ्याच हॉटेलांत रिसेप्शन किंवा लिफ्टकडे जायला कॅसिनोतूनच वाट असते, त्यामुळे लोकांना वाटतं की मुलांना चालतं. मग कोणीतरी बाबागाडी स्लॉट मशीनपाशी उभी करतं आणि दोन मिनिटांत सुरक्षारक्षक येऊन पुढे व्हायला सांगतो. तो बरोबरच असतो. आणि कौतुकानं "दाब बरं बाळा बटण" म्हणून मुलाकडून मशीन खेळवू नका. लहान मुलानं जिंकलेलं बक्षीस मिळत नाही, ते रद्द होतं.

म्हणजे कोणीतरी एक मोठं माणूस मुलांजवळ राहणारच. ते कोण, हे तिथं गेल्यावर ठरवायला गेलं की आपल्या घरांत उत्तर एकच निघतं: आजी. ती स्वतःहून म्हणते, "तुम्ही जा रे, मी आहे ना." आणि आपण जातो. हे वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की तिचं ते वाक्य मनावर घेऊ नका. ती तेरा-चौदा हजार किलोमीटरवरून आलेली असते.

आता आम्ही निघायच्या आधीच पाळ्या कागदावर लिहितो. पहिल्या संध्याकाळी सात ते नऊ मी आणि आई खाली, नवरा मुलांना घेऊन बेलाजिओ हॉटेलची कारंजी आणि आतली फुलांची बाग बघायला. दोन्हीला पैसे पडत नाहीत आणि नाताळात बागेची सजावट खास असते. (वारा फार असेल तर कारंजी बंद ठेवतात, तेव्हा मुलांना आधीच वचन देऊ नका.) दुसऱ्या संध्याकाळी बाबा आणि नवरा खाली, मी वर. गेल्या खेपेला आईनं एका सेंटाच्या मशीनवर चाळीस डॉलर दीड तास पुरवले. शेजारच्या खुर्चीवर टेक्सासच्या एक आजी होत्या. दोघींना एकमेकींचं इंग्रजी अर्धंच कळत होतं, तरी गप्पा रंगल्या होत्या.

लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री कॅसिनो

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती नकाशावर दिसत नाही. व्हेगसहून ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, साधारण २८० मैल, म्हणजे साडेचार तास नुसतं चालवणं. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत टेबलाशी बसलं की सकाळी दहाच्या आत गाडी हलत नाही. वाटेत हूवर धरणाशी तासभर, किंगमनला जेवण पाऊण तास. पोचेपर्यंत सव्वाचार. आपल्याला वाटतं, अजून उजेड आहे. पण ॲरिझोना हिवाळ्यात नेवाडाच्या एक तास पुढे असतं, म्हणजे तिथल्या घड्याळात सव्वापाच झालेले असतात आणि डिसेंबरात तिथं सूर्य साधारण त्याच वेळी मावळतो. आम्ही पहिल्यांदा नेमके असे पोचलो. आईनं कठड्याशी उभं राहून काळ्या पोकळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी ढगांनी दरी भरलेली होती.

म्हणून कॅसिनोची रात्र पहिली ठेवा, जिच्या दुसऱ्या दिवशी गावातच फिरायचं आहे. लांब जायच्या आदल्या दिवशी सगळे दहाला झोपायचे आणि सहाला गाडीत बसायचं. साउथ रिमला एक रात्र राहाच. रात्री त्या रस्त्यावर, विशेषतः विल्यम्सहून वर जाणाऱ्या ६४ नंबरच्या रस्त्यावर, एल्क आडवे येतात. ते आपल्या सांबरापेक्षाही मोठं जनावर आहे. सावलीतल्या वळणांवर डांबरासारखाच दिसणारा पातळ बर्फ असतो तो वेगळाच.

"वाळवंट आहे, बर्फ कुठला?"

लॉस एंजेलिसहून व्हेगसला आय-१५ महामार्गानं साधारण २७० मैल. वाळवंटातला रस्ता म्हणून कोणी हवामान बघत नाही. पण हा रस्ता कहोन पासला आणि पुढे नेवाडाच्या हद्दीआधी माउंटन पासला ४,००० फुटांच्या वर चढतो. बर्फ झाला की तो बंद करतात किंवा पोलिसांच्या गाडीमागून हळूहळू सोडतात. बर्फ नसला तरी कहोनला असे वारे सुटतात की रिकामे ट्रक आडवे होतात. निघायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी कॅलिफोर्नियासाठी क्विकमॅप, नेवाडासाठी एनव्ही रोड्स आणि ॲरिझोनासाठी एझेड-५११ या रस्त्यांची स्थिती दाखवणाऱ्या साइट बघायची सवय लावा.

रस्ता बंद झालाच तर? फोन आडवाटेचा मार्ग सुचवेल आणि तो जवळचाही दिसेल. मोहावी वाळवंटातल्या कच्च्या रस्त्यांवर मात्र मुलंबाळं घेऊन मुळीच जाऊ नका. तिथं मैलोन्मैल फोनला रेंज नसते. व्हिक्टरव्हिल किंवा बार्स्टोला खोली घ्या, पुढचा मुक्काम फोन करून सरकवा. यासाठीच व्हेगसचं आरक्षण नेहमी रद्द करता येण्याजोगं घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. गाडी भाड्याची असेल तर चाकांना साखळ्या लावायला करारात परवानगी आहे का ते वाचा. बहुतेक करारांत नसते. तेव्हा बर्फाचा अंदाज असेल तर चारही चाकांना जोर देणारी गाडी मागा आणि टायर बघून घ्या.

प्रिमला, म्हणजे राज्याच्या सीमेवरच्या कॅसिनोंत, थांबून जेवू असा बेत पुष्कळ जण जुन्या माहितीवर करतात. तिथला व्हिस्की पीट्स डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला आणि आता तिथं पूर्वीसारखी वर्दळ नाही. थांबायचं तर बेकरला थांबा. तिथं १३४ फूट उंच थर्मामीटर आहे, जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदवलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची आठवण म्हणून. मुलांना तो फार आवडतो.

नकाशात नुसतं "ग्रँड कॅन्यन" टाकून निघणं

काचेचा पूल, स्कायवॉक, हा ग्रँड कॅन्यन वेस्टला आहे. ती हुआलापाई या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे, राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथं चालत नाही. व्हेगसहून ते साधारण १२५ मैल. जुन्या फोटोंत बघितलेली ती अफाट दरी साउथ रिमची. आणि नॉर्थ रिमचा रस्ता १ डिसेंबर ते १५ मे बंदच असतो. तीन ठिकाणं तीन वेगळ्या दिशांना आहेत. आमच्या ओळखीचं एक कुटुंब साउथ रिमला हॉटेल घेऊन वेस्टला पोचलं होतं.

हिवाळ्याची एक मोठी चंगळ मात्र कोणी सांगत नाही: साउथ रिमचा सात मैलांचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी उघडतो. गुडघे दुखणाऱ्या माणसांना बसची वाट न बघता, गाडी गरम ठेवून एकेक पॉइंट निवांत बघता येतो. माझ्या सासूबाईंनी अख्खी दरी अशीच पाहिली.

उंचीचा विचार करा. साउथ रिम ७,००० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे, यावरून अंदाज घ्या. वर पोचल्या दिवशी ज्येष्ठांना धाप लागते, डोकं जड होतं. पाणी भरपूर द्या, त्या दिवशी फिरवू नका. रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. रात्री पारा शून्याखाली सहा-सात अंश सेल्सिअसवर जातो. पुण्याचा स्वेटर आणि शाल तिथं पुरत नाही. कानटोपी, हातमोजे, आणि बुटांवर चढवायचे रबरी काटे घ्या. इन्सुलिन गाडीत ठेवून झोपू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

पासपोर्ट खोलीत, आधार कार्ड पर्समध्ये

आई-बाबांना कॅसिनोत जायचं असेल तर मूळ पासपोर्ट जवळ हवा. केस पांढरे आहेत म्हणून दारात कोणी विचारणार नाही, पण मोठं बक्षीस लागलं तर ओळख दाखवल्याशिवाय पैसे देत नाहीत. स्लॉट मशीनचं एकरकमी बक्षीस करासाठी नोंदवायची मर्यादा वर्षानुवर्षं १,२०० डॉलर होती, २०२६ पासून २,००० झाली. अमेरिकेत राहणाऱ्यांना नुसता फॉर्म मिळतो. भारतातून पाहुणे आलेल्यांचा मात्र ३० टक्के कर तिथल्या तिथं कापून घेतात. ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स, बॅकरा या टेबलावरच्या खेळांवर पाहुण्यांना हा कर नाही. बटण ज्यानं दाबलं, बक्षीस त्याचं मानतात. "आई, तू दाब, तुझा हात चांगला आहे" म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या.

पैसे

रूलेटच्या चाकात ३८ घरं असतात: १ ते ३६, शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर लागलं तर ३५ पट मिळतात. या दोन शून्यांमुळे लावलेल्या दर १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच जातात. दहा डॉलर एका फेरीला, तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे तासाला साधारण २१ डॉलरची करमणूक. सिनेमाच्या तिकिटासारखा हा खर्च धरला तर जड जात नाही. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, बऱ्याच टेबलांवर आता तिसरंही शून्य आलंय, ते चाक सोडून द्या. ब्लॅकजॅकच्या टेबलावर "६ ला ५" लिहिलंय की "३ ला २" ते वाचा. दहा डॉलरवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांत २१) लागला तर पहिल्यात १२ मिळतात, दुसऱ्यात १५.

प्रत्येकाचं पाकीट घरूनच रोख भरून न्या आणि कार्डं खोलीतल्या तिजोरीत ठेवा. कॅसिनोतल्या एटीएमचं शुल्क जबर असतं आणि क्रेडिट कार्डावर रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. पाकीट संपलं की वर यायचं, हे मुलांसमोर ठरवा. मुलं विसरत नाहीत. आणि घरातलं कोणी हरलेले पैसे परत मिळवायला रात्री एकटं खाली जात असेल, तर ती सहलीतली गंमत राहिलेली नाही. त्या माणसाशी सकाळी शांतपणे बोला. अमेरिकेत यासाठी १-८००-४२६-२५३७ ही मदतवाहिनी आहे.

खोलीतल्या बारीक गोष्टी

स्ट्रिपवरच्या अनेक हॉटेलांत फ्रिजमधल्या बाटल्यांखाली सेन्सर असतो. दह्याचा डबा ठेवायला बाटली सरकवली की बिलात रक्कम चढते. रिकामा फ्रिज मागून घ्या, औषधांसाठी म्हटलं की बहुधा देतात. मायक्रोवेव्ह खोलीत नसतो, तेव्हा वरण-भाताचे बेत करू नका. थेपले, दशम्या, दाण्याची चटणी उत्तम. कॅसिनोत अजूनही सिगारेट ओढतात. दम्याचं मूल असेल तर पार्क एमजीएमसारखं धूम्रपानमुक्त हॉटेल बघा. रिसॉर्ट फी आता मे २०२५ पासून जाहिरातीतल्या भाड्यातच धरून दाखवावी लागते, पण पार्किंगचे वेगळे पडू शकतात.

तारखांचं थोडक्यात: डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोडिओची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा असते, ३१ डिसेंबरला संध्याकाळी स्ट्रिप गाड्यांना बंद, जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन. रोडिओ संपल्यापासून नाताळच्या दोन दिवस आधीपर्यंतचा आठवडा सगळ्यात स्वस्त आणि मोकळा.

परतताना

रविवारी दुपारी व्हेगस सोडू नका. अख्खं दक्षिण कॅलिफोर्निया त्या वेळी त्याच रस्त्यावर असतं आणि चार तासांचे आठ होतात. मंगळवारी निघा. रविवारच निघायचं असेल तर पहाटे सहाच्या आत. पेट्रोल नेवाडातच भरा, सीमेपलीकडे ते बरंच महाग आहे.

आणि कॅलिफोर्नियात शिरल्यावर शेतीमाल तपासणीची चौकी लागते. तिथं फळं, झाडं विचारतात. लिंबू, संत्री आणि आपला कढीपत्ता यांच्यावर त्यांचा विशेष डोळा असतो, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग देणारा किडा कढीपत्त्यावर आनंदानं वाढतो. कोणी प्रेमानं दिलेली कढीपत्त्याची कुंडी असेल तर ती नेवाडातच कोणाला देऊन टाका. विचारलं तर खरं सांगा. आम्ही उरलेली संत्री चौकीच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर गाडीबाहेर उभं राहून वाटून खातो, सालं तिथल्याच कचऱ्याच्या पेटीत टाकतो, आणि आईला पुढच्या सीटवर बसवतो.