आधी अर्ज, मग प्रदर्शन: घरगुती उपकरणे घडवणाऱ्या नवोदितांसाठी

तालुक्याच्या गावी राहून विळी, खवणी, पुरणयंत्र अशा रोजच्या वस्तूंत सुधारणा करणाऱ्यांना कल्पना कशी सुचते किंवा लेथवाल्याकडून पहिला नमुना कसा करून घ्यायचा, हे सांगण्याची गरज नसते. खरी अडचण नमुना चालू लागल्यावर येते, कारण तो चारचौघांना दाखवल्याशिवाय राहवत नाही.

ओट्याला घट्ट बसणारी, उभ्याने चालवायची माझी नारळखवणी प्रथम बचत गटांच्या एका प्रदर्शनात मांडली गेली, तिथे तिची विक्री झाली आणि स्थानिक वर्तमानपत्रात तिचा फोटो कौतुकाने छापून आला. पेटंटचा अर्ज त्यानंतर गेला. पुढे त्या अर्जाला एका उत्पादकाने हरकत घेतली, तेव्हा पुरावा म्हणून तेच कात्रण जोडलेले होते. ते पाहून झालेली तगमग आजही तशीच आहे.

आधी अर्ज, मग प्रदर्शन हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तो प्रामाणिक माणसाला पटत नाही. ‘वस्तू माझीच आहे, मग मी दाखवली म्हणून बिघडले काय?’ असे आपल्याला वाटते. परंतु १९७० च्या पेटंट कायद्यानुसार अर्जाच्या तारखेला ती वस्तू नवी असावी लागते आणि स्वतः संशोधकाने ती जाहीरपणे मांडली किंवा विकली, तरी सर्वसाधारणपणे तिचा नवेपणा संपतो. प्रदर्शनासाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे खरी. मात्र ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आहे. गावच्या जत्रेतला किंवा गणेशोत्सवातला स्टॉल तिच्यात बसत नाही. यूट्यूबवरच्या चित्रफितीनेही तेच नुकसान होते. वस्तूच्या बाह्य आकाराचे संरक्षण करणारी डिझाइन नोंदणी प्रथम दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. पण तिथेही आकार आधी प्रसिद्ध झालेला चालत नाही. म्हणजे एका फोटोने दोन्ही दारे बंद होऊ शकतात.

घाबरून जाऊ नये, उपाय आवाक्यातला आहे. प्रदर्शनापूर्वी तात्पुरत्या विवरणासह, म्हणजे वस्तूच्या प्राथमिक लेखी वर्णनासह, प्रोव्हिजनल अर्ज दाखल करावा. व्यक्तीसाठी त्याचे ऑनलाइन शुल्क १६०० रुपये आहे. त्यानंतर बारा महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते, न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तात्पुरत्या विवरणात जे लिहिलेले नसते त्याला ती आधीची तारीख मिळत नाही, म्हणून पाते, दांडा, पकड यांचे सुचतील तेवढे पर्याय आकृतीसह लिहावेत. परीक्षणाची विनंती वेगळ्या अर्जाने करावी लागते, तिचे शुल्क ४००० रुपये आहे आणि ती केल्याशिवाय परीक्षण होत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. अर्जापूर्वी चाचणीसाठी वस्तू कोणाला द्यावीच लागली, तर गुप्ततेचा लेखी करार करून द्यावी, मग ती सख्ख्या मावशीला का असेना.

‘हमखास पेटंट मिळवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारापासून दूरच राहावे. दाव्यांची, म्हणजे वस्तूतल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या कलमांची, भाषा नेमकी लिहिणाऱ्या पेटंट एजंटाला मात्र पैसे आनंदाने द्यावेत. वस्तू कशी असावी याबाबत माझा विश्वास रोज चार नारळ खवणाऱ्या बाईवर आहे. दांडा ओल्या हातातून निसटतो, हे तिच्याइतके स्पष्ट मला कोणीही सांगितले नाही.

एकट्याने हे झेपणार नाही असे वाटत असेल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाशी संपर्क साधावा. तळागाळातील संशोधकांना ही संस्था पेटंटसाठीही मदत करते. गुजरातमधील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी विजेविना चालणारा मातीचा फ्रिज लहान गावातूनच बाजारात आणला.

शेवटी पात्याबद्दल. पत्रा घेताना केवळ चुंबक लावून खात्री करू नये. २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रतींच्या (ग्रेडच्या) स्टेनलेस स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, मात्र निकेल कमी असलेले २०२ ओलाव्यात लवकर गंजते. विक्रेत्याकडून प्रत लिहिलेले बिल आणि चाचणीचे प्रमाणपत्र मागावे, आणि ते मिळत नसेल तर पत्रा दुसरीकडून घ्यावा.