पाच जानेवारीची बैठक: जॅझवाल्याची पुण्यतिथी ऐकून कशी करावी

फोटो, हार, अध्यक्षीय भाषण आणि वेळ उरला तर गाणं, असा आपल्याकडे पुण्यतिथीचा क्रम ठरलेला. जॅझसाठी तो उलटा लावायचा. सव्वा तास ऐकणं, दहा मिनिटं बोलणं. बोलणं लांबलं की लोक चहाला उठतात आणि परत बसत नाहीत.

तारीख ठरवताना आधी पंखा बघा

मराठवाड्यात वर्षातले निम्मे महिने वीस माणसं एका खोलीत कूलरशिवाय बसू शकत नाहीत. कूलरच्या घरघरीत सगळ्यात आधी बुडतो डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य, आणि त्याच्या पाठोपाठ ड्रमवर फिरणारे तारेचे ब्रश. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची १९५९ ची रेकॉर्ड वाजवणाऱ्यांपैकी शेवटी गेला तो ड्रमर जिमी कॉब, २४ मे २०२० ला. त्याची बैठक परभणीत २४ मेच्या दुपारी लावली तर लोक कूलर ऐकून घरी जातील. ती पहाटे साडेपाचला लावा, गच्चीखालच्या खोलीत नको. सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन १७ जुलैचा (१९६७), म्हणजे पाऊस, पत्र्याचं घर नको. माइल्स डेव्हिस २८ सप्टेंबरचा (१९९१). तेव्हा गणपती-देवीची धामधूम असते आणि साउंडवाला मोकळा सापडत नाही.

सुरुवातीला सगळ्यात सोयीची तारीख ५ जानेवारी. चार्ल्स मिंगस, बासवादक आणि रचनाकार, ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत गेला. वय ५६. त्याची रक्षा बायकोनं भारतात आणून गंगेत सोडली. त्याच तारखेला १९८२ मध्ये संगीतकार सी. रामचंद्र गेले. त्यांचं नाव रामचंद्र चितळकर, मूळचे गोदाकाठच्या पुणतांब्याचे, वैजापूरकरांना शेजारचेच. त्यांच्या संगीतात जॅझचा ट्रम्पेट आणला तो त्यांचा सहायक चिक चॉकलेट यानं. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या आल्दोनाचा, मुंबईत बँड चालवायचा, १९६७ ला वारला. एका रात्रीत तिघांची आठवण निघते आणि नव्या माणसाला आत यायला ओळखीचं दारही मिळतं.

हुरड्याचे दिवस असल्यामुळे कुणीतरी ‘शेतावरच लावू’ म्हणणार. ऐकू नका. उघड्या रानात भिंती नसतात, बास हवेत विरतो, वर जनरेटरची धडधड. दुपारी हुरडा खा, रात्री आठला घरात बसा.

खोली

बारा बाय पंधरा फुटांचा हॉल पंधरा-वीस माणसांना पुरतो. आपल्याकडे खाली फरशी, वर स्लॅब, भिंती गिलाव्याच्या. मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असं शेपूट आलं तर खोली घुमते आहे. खाली दुहेरी सतरंजी आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर दोन वाकळी टांगल्या की शेपूट बरंच जातं. माणसं बसल्यावर आणखी कमी होतं.

दोन स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर, पहिल्या रांगेतला मधला माणूसही दोन्हींपासून सात फुटांवर, स्पीकरची तोंडं किंचित आत वळलेली. मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट सोडा. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर बास फुगवतो आणि मिंगसची बोटं ऐकू येण्याऐवजी नुसतं घुमघुम होतं. लोक सतरंजीवर बसणार असतील तर कान जमिनीपासून अडीच फुटांवर असतात. लग्नातले स्टँड सहा फूट उंच. त्यांचा आवाज डोक्यावरून जातो. स्पीकर स्टुलावर ठेवा.

भाड्यानं साउंड आणणार असाल तर फक्त दोन टॉप, म्हणजे वरचे साधे स्पीकर मागवा, बेसचे डबे नकोत. मिक्सरवरचा इको बंद, बास-ट्रेबलची बटणं मधल्या खुणेवर. साउंडवाला सवयीनं ती परत फिरवतो, म्हणून एक माणूस त्याच्याजवळ बसवा. आणि वायर तपासा. मोबाइलच्या आउटपुटला एकाच बाजूची पिन लावली तर दोन्ही स्पीकरमधून अर्धंच संगीत येतं. पन्नास-साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं सरळ डावी-उजवी वाटलेली असतात. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये एका बाजूला कोल्ट्रेन, दुसऱ्या बाजूला कॅननबॉल ॲडर्ली. एक बाजू गेली की एक सॅक्सोफोन जवळजवळ गायब, आणि ज्यानं रेकॉर्ड आधी ऐकली नाही त्याला ते कळतही नाही.

वीज

लाइट जाणार असं धरूनच चला. रेकॉर्ड चालू असताना वीज गेली की तबकडी मंदावत सूर खाली घसरत जातो, आणि त्यानंतर बैठक परत जमवणं अवघड. टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) आणि ॲम्प्लिफायर सुरुवातीपासून इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. दोन्ही मिळून दोन तास घरगुती इन्व्हर्टर सहज ओढतो. मात्र तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर सतत ‘घुंऽऽ’ करतो.

इन्व्हर्टर नसताना येणाऱ्या घुंऽऽचं कारण वेगळं, बहुतेक वेळा अर्थिंग. टर्नटेबलमागची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बांधा आणि सगळी यंत्रं एकाच तीन पिनच्या बोर्डावरून चालवा. जुन्या वाड्यात तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, ते आधी वायरमनकडून बघून घ्या.

अमेरिकेहून कुणी आणलेलं जुनं टर्नटेबल असेल तर आणखी एक घोळ. तिथली वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५०. वारंवारतेवर चालणारी मोटर असेल तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड जेमतेम २७.८ फेरे घेते. सूर हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली येतो. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, त्याची पुलीच बदलावी लागते.

रेकॉर्ड धुणं

आपल्या धुळीत उघडी ठेवलेली रेकॉर्ड न धुता लावू नका. बोअरचं पाणी मात्र अजिबात वापरू नका. त्यातले क्षार वाळून खोबणीत बसतात आणि मग ती तडतड कायमची. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी दुकानात मिळतं ते घ्या. शेजारीच ॲसिडची बाटली असते, लेबल वाचून घ्या. एक लिटरमध्ये भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, मऊ मायक्रोफायबरचं कापड, आणि पुसायचं ते खोबणीच्या दिशेनं गोल, आडवं नाही. मधला कागद कोरडा ठेवा. नुसत्या पाण्यानं दुसरा हात, मग ताटाळ्यात उभी करून तासभर सावलीत. उन्हात वाळवली की पापडासारखी वाकते. माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्डींचीही उन्हाळ्यात तीच गत होते.

सुईचा दाब काट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेला असतो, साधारण दीड ते दोन ग्रॅम. छोटा डिजिटल काटा घेऊन मोजा. सुई उडते म्हणून हेडशेलवर, म्हणजे सुईच्या वरच्या टोकावर, रुपया ठेवायची जुनी खोड आहे. रुपयाचं वजन तीन ग्रॅमहून जास्त, म्हणजे दाब दुपटीच्या वर जातो आणि रेकॉर्ड कापली जाते. उलट फार हलका दाबही वाईट, सुई खोबणीत आदळत जाते. उडते तेव्हा आधी सुईवरचा केसाळ धुळीचा गोळा काढा; दहापैकी आठ वेळा तोच असतो.

चिक चॉकलेटच्या काळच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या सापडल्या तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, एलपीच्या (३३⅓ च्या मोठ्या रेकॉर्डच्या) सुईपेक्षा चौपट रुंद. एलपीची सुई त्या खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते.

मोबाइलवरून लावायचं असेल तर काम सोपं, पण चार गोष्टी आधी करा. रेकॉर्डिंग डाउनलोड करून फोन विमान मोडवर टाका. एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद. आवाज सारखा करणारी सोयही बंद, कारण मिंगसमध्ये कुजबुज आणि आरडाओरडा यांतलं अंतर हेच तर ऐकायचं असतं. आणि ऑटोप्ले बंद. नाहीतर शेवटच्या सुरानंतर ॲप आपल्या मनानं काहीही लावतं.

काय, कोणत्या क्रमानं

सुरुवात सी. रामचंद्रांच्या दोन गाण्यांनी, आठ मिनिटं. ‘अलबेला’तलं (१९५१) ‘शोला जो भडके’ हवंच. लोकांना एवढंच सांगा की शब्द सोडा, मधले पितळी वाद्यांचे तुकडे ऐका. गाणं तोंडपाठ असणाऱ्यांनाही ते तुकडे बहुधा पहिल्यांदाच ऐकू येतात.

मग मिंगसचं १९५७ चं ‘हेशियन फाइट साँग’, बारा मिनिटांच्या आसपास. सुरुवात एकट्या बासनं होते. मागच्या रांगेत ती ऐकू येत नसेल तर तिथेच थांबवा, आवाज नीट करा, पहिल्यापासून लावा. लाजू नका.

तिसरं ‘बेटर गिट इट इन युअर सोल’, १९५९ चं, सात मिनिटं. सहाच्या मापातलं चर्चचं भजन आहे ते. मिंगस मधूनच ओरडतो, सॅक्सोफोनच्या मागे टाळ्या पडतात. सप्ताहात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे बोलायची दहा मिनिटं. त्यातली चार मात्रा मोजायला द्या. आपली टाळी समेवर पडायला बघते. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमरच्या पायाखालची झांज मिटते, टाळी तिथे द्यायची. एक-दोन-तीन-चार, हे सगळ्यांकडून आठ वेळा करून घ्या. जमेपर्यंत हसू होतं, होऊ द्या. उरलेल्या सहा मिनिटांत वादकांची नावं वाचा. नाव, वाद्य, गेल्याचं वर्ष, बस्स. वर्षं दोन ठिकाणी पडताळून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या श्रद्धांजलीत जिवंत माणसंही सापडतात.

चौथं मोठं काम: ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’, अकरा वादक, २० जानेवारी १९६३ ला ध्वनिमुद्रित, एकूण ३९ मिनिटं. वेष्टनावरच्या टिपणाचा एक भाग मिंगसनं आपल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घेतलाय. आपल्या कुठल्या बुवांनी असं केल्याचं ऐकलं नाही. विव्हळणारा आल्टो सॅक्सोफोन चार्ली मारियानोचा. तो पुढे नादस्वरम शिकला. हे अर्धवट वाजवू नका. वेळ नसेल तर सरळ वगळा, पण तुकडा लावू नका. एलपी असेल तर बाजू उलटताना दिवे लावायचे नाहीत, छोटी बॅटरी हाताशी ठेवा.

शेवट ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’नं. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग १५ मार्च १९५९ ला गेला. तो त्या घाटाची चपटी टोपी घालायचा. दोन महिन्यांच्या आत, मे महिन्यात, मिंगसनं हे त्याच्यासाठी ध्वनिमुद्रित केलं. चार-चार मात्रांची बारा घरं, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, विलंबित. जॉन हँडी टेनर सॅक्सोफोनवर जीभ थरथरवत सूर काढतो, तो भाग पंख्याच्या खोलीत कधीच नीट ऐकू येत नाही. जुन्या एलपीत ही रचना कापलेली आहे, नंतरच्या आवृत्त्यांत पूर्ण मिळते. पूर्ण तीच घ्या.

यानंतर आभारप्रदर्शन नाही. सुई आपोआप उचलली जात नसेल तर आधी ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा, मग सुई उचला, मग बटण बंद करा. क्रम चुकला तर शेवटच्या शांततेत स्पीकरमधून ‘ढप्प’ असा आवाज येतो. चहा आत आणू नका, बाहेर ओट्यावर ठेवा.