जळणाचे लाकूड, स्प्लिटरचे प्रेशर आणि जुना पिकअप : उत्तर न्यूयॉर्कमधील सहा हिवाळे

आमच्या काउंटीत ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडला की फोन सुरू होतात आणि जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक एकच विचारते : लाकूड वाळलेले आहे का? ऑक्टोबरमध्ये हे विचारून फारसा उपयोग नसतो, कारण त्याचे उत्तर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आणि ओक झाडाच्या लाकडाबाबत तर त्याच्याही आदल्या मार्चमध्ये ठरून गेलेले असते. मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट लॉरेन्स काउंटीत राहतो. पत्नीच्या नोकरीमुळे येथे येण्यापूर्वी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेसच्या देखभालीवर सात वर्षे होतो. गेले सहा हिवाळे मी जळणाचे लाकूड तोडून, फोडून, वाळवून विकतो आणि जोडीला लोकांचे लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडण्याची यंत्रे, दुरुस्त करतो. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड ग्रामीण भागात येऊन राहिलेल्या आणि असे काही करू पाहणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या दोन वर्षांत जे कोणी सांगत नाही, ते येथे लिहितो आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी कागद पाहावेत. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसाधारकाच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, आलेल्या जोडीदाराला ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, हाती पडेपर्यंत मोबदला घेऊन कोणतेही काम करता येत नाही. स्वतःच्या घरातील शेगडीपुरते लाकूड फोडणे निराळे आणि शेजाऱ्याला पैसे घेऊन देणे निराळे. माझे पहिले वर्ष या परवानगीची वाट पाहण्यात गेले आणि आता वाटते की ते बरेच झाले, कारण त्या वर्षी मी फक्त घरापुरते लाकूड फोडले आणि माझ्या साऱ्या चुका माझ्याच चुलीत जळाल्या.

लाकडाचा हिशेब कॉर्डमध्ये होतो. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी घट्ट रचलेली थप्पी म्हणजे एक पूर्ण कॉर्ड, १२८ घनफूट. येथे फेस कॉर्ड हा शब्दही सर्रास चालतो आणि भांडणे बहुतेक त्यावरूनच होतात, कारण त्यात उंची व लांबी तीच असली तरी रुंदी ढलप्याच्या, म्हणजे फोडलेल्या तुकड्याच्या, लांबीएवढीच, साधारण १६ इंच असते. म्हणजे पूर्ण कॉर्डचा तिसरा हिस्सा. मी फोनवर आधी ढलप्याची लांबी सांगतो, मग भाव सांगतो. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ते नीट जळत नाही; ओले लाकूड घरापेक्षा स्वतःलाच वाळवण्यात उष्णता घालवते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचवून आगीला निमंत्रण देते. ओलावा मोजण्याचे मीटर स्वस्त मिळते, पण त्याचे काटे ढलप्याच्या बाहेरच्या अंगाला टोचून आलेला आकडा खोटा असतो. ढलपा मधोमध नव्याने फोडावा आणि आतल्या ताज्या अंगाला मीटर लावावे. अॅश वृक्षाचा ओंडका लवकर वाळतो, मार्चमध्ये फोडून उन्हावाऱ्यात रचला तर बहुधा एका उन्हाळ्यात तयार होतो. रेड ओकला दोन उन्हाळे द्यावेच लागतात. थप्पीला वरून झाकण असावे आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. मी पहिल्या वर्षी आपल्याकडे पावसाळ्यात जळण झाकतात तशी चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली आणि सप्टेंबरमध्ये ती सोडली तेव्हा आत कुबट वास व पांढरी बुरशी होती.

लाकूड वाटेल तितके लांब नेता येत नाही. एमराल्ड अॅश बोरर हा अॅश वृक्षांची साल आतून पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात सापडला, २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पोहोचला आणि जळणाच्या लाकडातून त्याचा प्रवास फार सोपा होतो. म्हणून या राज्यात उष्णताप्रक्रिया न केलेले जळण मूळ ठिकाणापासून ५० मैलांपलीकडे नेण्यास मनाई आहे आणि लाकूड कोठले आहे हे सांगणारा कागद गाडीत असावा लागतो. गिऱ्हाईक ७० मैलांवरचे असेल तर नाही म्हणावे.

झाडे पाडण्याबद्दल मी येथे थोडक्यातच लिहितो, कारण ते लिहून शिकवण्याचे काम नव्हे. गेम ऑफ लॉगिंग नावाचे चार टप्प्यांचे प्रशिक्षण ईशान्येकडील राज्यांत ठिकठिकाणी होते; त्याचे निदान पहिले दोन टप्पे पूर्ण केल्याखेरीज उभ्या झाडाला करवत लावू नये. मी आजही उभी झाडे फारशी पाडत नाही. लाकूडतोड्या ठेकेदाराकडून ट्रकभर लांब ओंडके विकत घेतो आणि अंगणात कापतो. नफा कमी राहतो, पण पाय शाबूत राहतात.

आता स्प्लिटर. यंत्र दिसते साधे : पेट्रोलचे इंजिन, त्याला जॉ कपलिंगने जोडलेला पंप, तेलाची टाकी, हँडलचा वॉल्व्ह, सिलिंडर आणि पाचर. यात समजून घेण्याजोगी गोष्ट पंप आहे. तो दोन टप्प्यांचा गिअर पंप असतो. भार नसताना दोन्ही गिअरजोड्या मिळून भरपूर तेल ढकलतात आणि पाचर भरभर पुढे येते. लाकडाचा विरोध लागून प्रेशर काही शे पीएसआयच्या (दर चौरस इंचावरील पाउंड, दाबाचे एकक) वर गेले की मोठी जोडी आपले तेल बिनभाराचे परत सोडते आणि छोटी जोडी एकटीच थोडे तेल पण जास्त प्रेशर देते. पाचर हळू होते आणि इंजिनाचा आवाज जड होतो. हा आवाज ऐकायला शिकणे म्हणजे अर्धी दुरुस्ती शिकणे होय. पाचर लाकडात अडकली आणि इंजिन गुदमरून बंद पडू लागले, तर मोठी जोडी सुटत नाही, म्हणजे पंपातील अनलोडिंग वॉल्व्ह अडकला आहे अशी शंका घ्यावी. पाचर अडकली आणि इंजिन मात्र काही घडलेच नाही अशा सुरात चालू राहिले, तर प्रेशर तयारच होत नाही, किंवा तयार होऊन कोठेतरी पळते आहे.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर माझे नेमके हेच झाले. साडेचार इंच बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, जुने यंत्र मी एका गृहस्थाकडून घेतले होते. मेपलच्या दुबेळक्याच्या ओंडक्यात पाचर दोन इंच शिरली आणि थांबली, इंजिन मजेत गुणगुणत राहिले. दारात अकरा गिऱ्हाइकांचे लाकूड फोडायचे पडले होते. सात वर्षे हायड्रॉलिकमध्ये काढलेल्या माणसाने जे कधीच करू नये ते मी केले : घाईत पंप गेला असे ठरवून टाकले आणि नवा पंप मागवला. तो यायला सहा दिवस, बसवायला एक दिवस. आणि पाचर पुन्हा त्याच दोन इंचांवर थांबली. त्या रात्री शिरोलीच्या आमच्या मिस्त्रींना फोन केला. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “गेज लावलंस का आधी?” मी गप्प राहिलो.

ग्लिसरीन भरलेले पाच हजार पीएसआयचे गेज, म्हणजे दाब मोजण्याचे मीटर, पंपाच्या तुलनेत फारच स्वस्त येते. दुसऱ्या दिवशी ते वॉल्व्हच्या इनलेटपाशी टी आकाराचा जोड घालून लावले, सिलिंडर टोकापर्यंत नेऊन हँडल धरून ठेवले आणि काटा ११०० वर स्थिर राहिला. साडेचार इंच बोअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ १५.९ चौरस इंच भरते. म्हणजे जोर साडेसतरा हजार पाउंड, अमेरिकेच्या दोन हजार पाउंडी टनात नऊ टनसुद्धा नाही. पूर्ण ३००० पीएसआय मिळाले असते तर हाच जोर जवळपास २४ टन झाला असता. (यंत्रावरच्या स्टिकरवर २७ टन लिहिले होते. जुने यंत्र घेताना बोअर मोजून हा गुणाकार तेथेच करावा.)

पुढचे काम मग शिस्तीने केले. इंजिन बंद करून, हँडल दोन्हीकडे हलवून उरलेले प्रेशर सोडून दिले, सिलिंडरचे दोन्ही होज (तेलाच्या रबरी नळ्या) काढून वॉल्व्हच्या पोर्टना स्टीलचे प्लग लावले आणि पुन्हा गेज पाहिले. आकडा तोच. याचा अर्थ पिस्टनचे सील निर्दोष होते, कारण सिलिंडर आता वाटेतच नव्हता. पंप नवा होता. उरला वॉल्व्हमधील रिलीफ, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर प्रेशर गेले की तेल परत सोडणारी झडप. त्याचा लॉकनट सैल करण्यापूर्वी स्क्रूचे आटे मोजून कागदावर लिहिले, मग स्प्रिंग आणि छोटे पॉपेट (तेलाची वाट बंद करणारा तुकडा) बाहेर काढले. ते जेथे टेकते त्या सीटच्या कडेला एक पांढरा धागा चिकटलेला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. टेफ्लॉन टेप. आधीच्या कोणीतरी होज बदलताना नळाला गुंडाळतात तशी टेप आट्यांना गुंडाळली होती, तिचा तुकडा तेलाबरोबर फिरत येऊन पॉपेटखाली अडकला होता आणि रिलीफ कधी पूर्ण बंदच होत नव्हता. चिमट्याने तो काढला, सीट डिझेलने धुतली, मोजलेल्या आट्यांवर स्क्रू परत आणला. काटा २६०० वर गेला. मेपलचा तोच ओंडका मोठा आवाज करून दोन झाला. हायड्रॉलिकच्या आट्यांना टेप लावू नये. आटा सील मागणारा असेल तर त्यासाठीची पेस्ट लावावी आणि पहिले दोन आटे कोरडे सोडावेत.

रिलीफचा स्क्रू आवळून जोर वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. गेज नसताना तो हात लावण्याचा भागच नाही, कारण त्या प्रेशरला होज आणि सिलिंडर टिकतील की नाही हे तुम्हाला दिसत नसते. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीत शिरते, वरून टाचणी टोचल्यासारखेच दिसते, आणि आत तेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी तडक इमर्जन्सीत जावे. मी होजच्या बाजूने पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतो, ओला डाग उठतो तेथे गळती. तेलाकडेही पाहावे : दुधाळ झाले तर पाणी शिरले आहे, फेस येतो तर सक्शनच्या होजमधून हवा ओढली जाते. उणे वीस-पंचवीस अंशांत तेल घट्ट होते आणि पंप इंजिनाला थेट जोडलेला असल्यामुळे दोरी ओढतानाच हात भरून येतो. मी हिवाळ्यात पातळ, एडब्ल्यू ३२ दर्जाचे तेल घालतो आणि इंजिन हळू फिरत ठेवून दहा मिनिटे हँडलला हात लावत नाही; पंपाने हंबरडा फोडला तर त्याला तेल पुरत नाही असे समजावे.

राहिला पिकअप. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असते, त्यावर माणसे आणि सामान मिळून किती पाउंड चालतील तो आकडा असतो. माझ्या गाडीचा १४८० आहे. साडेसहा फुटी हौद्यात कठड्यापर्यंत ढलपे नुसते टाकले तर ते साधारण तिसरा हिस्सा कॉर्ड होतात, आणि ओल्या रेड ओकचा तेवढा भाग १६०० पाउंडांच्या आसपास भरतो. म्हणजे मी गाडीत बसण्यापूर्वीच मर्यादा ओलांडलेली असते. पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हते आणि मागच्या स्प्रिंगचे पान तुटल्यावर कळले. आता ओले लाकूड मी ब्रेक असलेल्या ट्रेलरवरच नेतो आणि दर वसंतात त्याच्या बेअरिंगना ग्रीस भरतो.

येथे गाड्यांना इंजिनापेक्षा मीठ लवकर मारते. रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ चॅसिसच्या खाचांत आणि ब्रेकच्या स्टीलच्या नळ्यांवर बसते. माझी नळी मागच्या अॅक्सलच्या वर, जेथे क्लिपखाली चिखल साचतो तेथे फुटली. लाकूड भरलेले होते, उतार होता आणि पाय पॅडलसकट खाली गेला. हँडब्रेक आणि शेजारच्या शेताचे कुंपण यांनी गाडी थांबवली. वार्षिक तपासणीचे स्टिकर तीनच महिन्यांपूर्वी लागलेले होते, तेव्हा स्टिकरवर भरवसा ठेवून भागत नाही. आता सगळ्या नळ्या तांबे-निकेल मिश्रधातूच्या आहेत, त्या गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. जुनी गाडी घेताना रंग आणि मैल नंतर पाहावेत. आधी पुठ्ठा अंथरून खाली झोपावे आणि चॅसिसवर, विशेषतः मागच्या स्प्रिंगच्या खुंट्यांपाशी, हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज यावा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर नमस्कार करून परत यावे.

बॅटरी घेताना त्यावरचा सीसीए हा आकडा पाहावा. तो उणे १८ अंशांवर बॅटरी किती अँपिअर देते ते सांगतो, आणि जानेवारीतील आमची सकाळ बऱ्याचदा त्याहून थंड असते. गाडीतच मी एक जादा पट्टा, फ्यूज, हायड्रॉलिक होजचा जोड आणि ते गेज ठेवतो.

अलीकडे उत्पन्नाचा मोठा भाग लाकडापेक्षा दुरुस्तीतून येतो. सप्टेंबरमध्ये लोक वर्षभर उघड्यावर पडलेली यंत्रे घेऊन येतात. निम्म्यांच्या कार्बोरेटरमध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोल वाळून बसलेले असते आणि ते काम तासाभराचे असते. त्या दुसऱ्या हिवाळ्यात मी काढून ठेवलेला पंप बरीच वर्षे फळीवर होता. गेल्या शरद ऋतूत एका आजोबांच्या स्प्लिटरचा पंप खरोखरच गेलेला निघाला, गेज लावून पाहिले होते. त्यांना तो जुना पंप निम्म्या किमतीत बसवून दिला. त्यांचे यंत्र चालते आहे आणि त्यांनी उरलेल्या पैशांऐवजी पडलेले दोन अॅश दिले, ते फोडायचे अजून बाकी आहेत.